जोडीनं सोडलेला चहा

सौंसरमध्ये कोणाच्याही घरी गेले की आतल्या खोलीकडे निरोप जातो, "मॅडमले चहा नाही चालत, दूध आणा." मग कपभर दूध येतं, वर सायीचा पापुद्रा, त्यावर वेलचीची पूड. मला दूध अजिबात आवडत नाही. पण लोकांनी इतकी वर्षं इतक्या प्रेमानं पाजलं आहे की आता कोण सांगत बसणार. चहा का नाही, असं कोणी विचारलंच तर मी पित्ताचं कारण देते. पित्तावर कोणी जास्त खोदून विचारत नाही.

खरं कारण माझा धाकटा भाऊ आहे. तो आमच्या वॉर्डातून नगरपालिकेला उभा राहिला आणि माझ्या चहाचं राजकारण झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावर जरा निवांत बसायचं, एवढीच माझी इच्छा होती. ती काही पुरी झाली नाही.

मी पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट आहे. भाऊ तिथल्या संत्र्याच्या मंडीत कामाला लागला आणि माझ्याच खोलीवर राहायला आला. आधी गांजा होता. मग खोकल्याचं औषध, मग गोळ्या, पुढं जे हाती लागेल ते. आईची तांब्याची घागर गेली, माझं घड्याळ गेलं, आणि दर वेळी त्याच्याकडे इतकी नीट रचलेली हकिकत असायची की रोज पोरांच्या थापा पकडणारी मी त्याच्या थापांना फसायची. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे दोन काठांच्या लोकांनी एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेत, तो नदीच्या पात्रात उतरला. दोन्ही काठांवरून दगड चालू होते. एक त्याच्या भुवईवर बसला, चांगलं फाटलं, आणि तो हसत होता. टाके घालतानाही हसत होता. त्या हसण्याला मी जितकी भ्याले तितकी आयुष्यात कशाला भ्याले नाही. दुखलेलं कळत नाही म्हणजे हा आपल्या हातातून गेलाच, असं वाटलं.

मी आईला रामाकोन्याहून बोलावून घेतलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, कपाळावरची पट्टी पाहिली, आणि मला म्हणाली, "एकट्याच्यानं नाही होत हे. जोडीनं सोडा."

ही आमच्या रामाकोन्याच्या घरांतली रीत. व्यसन सोडणाऱ्यानं एकट्यानं शपथ घ्यायची नाही. घरातलं आणखी एक माणूस त्याच्यासोबत उभं राहतं आणि आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडतं. तो नशेला शिवत नाही तोवर यानंही ती वस्तू तोंडात घालायची नाही. त्यानं शपथ मोडली की हा मोकळा. त्यामुळे एखाद्या काकानं पंगतीत अचानक वांग्याची भाजी वाढून घेतली की सगळ्या पंगतीला समजतं, पुतण्या पुन्हा गुत्त्यावर जाऊ लागला. कोणाला काही बोलावं लागत नाही.

माझी आवडती वस्तू एकच होती. सकाळी उठल्याबरोबर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, संध्याकाळी घरी आल्यावर, आलं ठेचून घातलेला, उकळून उकळून काळपट झालेला चहा. शनिवारी मारुतीच्या पारावर नारळ फुटला. भावानं नशा सोडली, मी चहा सोडला. पुढचे दिवस मी कधी कोणाला सविस्तर सांगितले नाहीत. थरथर, ओकाऱ्या, आणि शिव्या, त्याही आईला आणि मला. माझंही डोकं ठणकायचं आणि मी वर्गात पोरांवर डाफरायची. मी गरम पाण्याचा कप घेऊन बसले की तो बघत राहायचा. एकदा म्हणाला, "ताई, तू पी ना चहा. मंग मले बी घेता येईन."

"म्हणूनच पीत नाही," मी म्हटलं.

तो रडला. मीही रडले. पण सुटला. पार सुटला. पुढं सौंसरला येऊन त्यानं खताचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान टाकलं, लग्न केलं, पोरं शिकवली. पुन्हा कधी शिवला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगेन. माझीही बदली होऊन मी इकडेच आले. आई गेली. चहा काही मी पुन्हा घेतला नाही.

निवडणूक लागली तशी त्याच्या भुवईवरची खूण कामाला आली. गोटमारीत दगड झेललेला मर्द माणूस, वॉर्डासाठी काय झेलणार नाही, असं त्याचे लोक गल्लोगल्ली सांगत फिरू लागले. त्या दिवशी त्याच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी खिडकी लावून घ्यायची. समोरच्या उमेदवाराच्या लोकांनाही कुठून तरी वास लागला. मग दुसरी हाळी सुरू झाली, "गंजेडीले मत द्याचं काय?"

माझ्या शेजारी एक निवृत्त बाबू राहतात. ते कुंपणावरून म्हणाले, "मॅडम, तुमचा भाऊ आहे म्हणून नाही बोलत, पण ज्याले ह्या आदती होत्या त्याच्या हाती पालिका द्याची म्हणजे..." पुढं ते नुसती मान हलवत राहिले. आतून त्यांची बायको ओरडली, "अन् जवानीत तुम्ही का दूध पीत होते जी? सांगू का मॅडमले?" बाबू लगबगीनं आत गेले.

मला दोघांचंही पटलं. हेच लोक महाशिवरात्रीला भांग घोटतात. मतदानाच्या तोंडावर घरोघर बाटली येते तेव्हा कोणाला व्यसनाची चिंता पडलेली मी पाहिली नाही. तरीही लोकांनी विचारूच नये, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या हाती आपलं पाणी, नाल्या आणि रस्ते द्यायचे त्याचं मागचं विचारलं तर काय बिघडलं? मला त्याच्या गांजाची भीती नव्हती. तो कधीच संपला होता. पण त्या काळात तो खोटं बोलायला शिकला होता, आणि फार सफाईनं शिकला होता. नशेसोबत तेही सुटलं की नाही, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

ती वेळ आली एका दुपारी. तो घरी आला, सोबत त्याचा प्रचार सांभाळणारा मोबाईलच्या दुकानाचा मालक.

"ताई, ते लोक तुह्या चहावरून बोलून राहिले," भाऊ म्हणाला.

"बोलू दे."

"वॉर्डात रामाकोन्याचे घरं आहेत ना. त्यायले रीत मालूम आहे. बहिणीनं चहा कायले सोडला ते विचारा, असं सांगून राहिले."

दुकानवाला पुढं सरकला. "मॅडम, फक्त एक कप. परवाच्या सभेत, सगळ्यायसमोर. मी व्हिडिओ काढून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकतो. विषय खतम."

मी भावाला म्हटलं, "सरळ सांगून टाक ना. घेत होतो, सोडलं. त्यात लपवायचं काय आहे?"

"ताई, तुले राजकारण नाही समजत."

"बरं, नाही समजत. पण ज्याला रीत ठाऊक आहे तो मला चहा पिताना पाहून काय समजेल?"

त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं आणि दुकानवाल्याला सभेची वेळ विचारली. निवडणुकीत माणसाचं डोकं एकाच बाजूला धावतं, हे मला तेव्हा कळलं. मी पुन्हा समजावलं नाही. मला फार वाईट वाटत होतं. ज्या गोष्टीसाठी मी रोज सकाळी पाण्याचा कप घेऊन बसले, ती घडलीच नाही असं मीच चारचौघांत दाखवावं, हे तो माझ्याच घरात बसून, मीच केलेले पोहे खात सांगत होता.

सभा चौकात होती. मांडव, लाल खुर्च्या, कर्कश माईक. भाषण झाल्यावर त्यानं विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. नाल्यांचं झालं, दिव्यांचं झालं. मग मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. माझ्याच हाताखाली शिकलेली, आता अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा पिकअप चालवतो, संत्री नागपूरला पोचवतो. गाडीवर जागं राहायला तो गोळ्या घेऊ लागला, मग झोप यायला दुसऱ्या, आणि आता गाडी उभी असली तरी घेत होता. हे तिनं मला कधीतरी रस्त्यात उभ्या उभ्या सांगितलं होतं.

"भाऊ, लोक म्हणतात, तुम्ही बी घेत होते अन् सुटले," ती म्हणाली. "मी टोमणा म्हणून नाही विचारून राहिली. माह्या घरचा माणूस गोळ्या खाते. तुम्ही कसे सुटले तेवढं सांगा."

 भावाचा हात भुवईवरच्या खुणेकडे गेला. क्षणभर मला वाटलं, आता बोलेल. आई असती तर तिलाही तसंच वाटलं असतं.

"बाई, हा विरोधकायचा प्रचार आहे," तो माईकवर म्हणाला. "मी आजवर सुपारीसुद्धा खाल्ली नाही. अन् निवडून आलो तर या वॉर्डात एक नशेडी राहू देणार नाही. एकेकाले धरून पोलिसात देऊ."

टाळ्या पडल्या. ती खाली बसली आणि मग शेवटपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

कागदी कपांतून चहा फिरू लागला. भाऊ स्वतः एक कप घेऊन माझ्यापाशी आला. "घे ताई." दुकानवाल्यानं मोबाईल वर धरला होता. मला नाही म्हणता आलं असतं. पण सगळा मांडव बघत होता, आणि कितीही झालं तरी तो माझा भाऊ होता, आणि मी थकले होते. मी चहा प्याले. नुसती साखर होती. इतक्या वर्षांनी पहिला घोट, आणि तो घशाखाली उतरताना मला राग आला, त्याचा आणि माझाही.

पुढच्या रांगेत रामाकोन्याची एक म्हातारी बसली होती. तिनं हनुवटीवर बोट ठेवलं आणि शेजारणीला चांगलं मोठ्यानं म्हणाली, "अगं माय, पुन्हा लागला वाटते हा!"

दुसऱ्या दिवशी नळावर रामाकोन्याच्या दोघींनी माझी चौकशी केली. "भाऊ पुन्हा घेऊन राहिला का मॅडम? आता कसं हो?" विषय संपवण्यासाठी काढलेला व्हिडिओ रामाकोन्याच्या घराघरांत सांगत होता की ताईनं चहा घेतला, म्हणजे भावानं शपथ मोडली. मी घरात येऊन एकटीच हसले. त्या सगळ्या निवडणुकीत मी तेवढीच हसले असेन.

दुपारी त्या अंगणवाडीच्या बाईकडे गेले. मला पाहून तिनं लगेच चहा टाकला. व्हिडिओ तिनंही पाहिला होता. नवरा खाटेवर बसला होता, डोळे तारवटलेले, गुडघा एकसारखा हलवत.

"ओतू नको," मी तिला म्हटलं. मग दोघांना जोडीनं सोडायची रीत सांगितली. "आम्ही नारळ फोडला होता. तुमच्यात फोडत नाहीत, मला ठाऊक आहे."

"आमचं पाचवं शील आहे ना मॅडम," ती म्हणाली. "नशा करणार नाही, असं दर पौर्णिमेले विहारात म्हणतो. ते बी म्हणते."

"एकटा म्हणत असेल," मी म्हटलं. "या वेळी मी सोबत म्हणते. मी चहा सोडते."

नवऱ्यानं मान वर केली. "तुम्ही कायले सोडसान मॅडम? मी कोण तुमचा?"

"कोणी नाही. पण माझ्याजवळ सोडण्यासारखं तेवढंच आहे. आणि त्याचा उपयोग होतो, हे मी पाहिलं आहे. माझा भाऊ असाच सुटला."

ती दोघं एकमेकांकडे पाहू लागली. "काल तं ते नाही म्हणाले," ती हळूच बोलली.

"काल तो मतं मागत होता," मी म्हटलं.

मतदान दोनच दिवसांवर होतं. वॉर्डात उद्यापर्यंत हे पसरू शकतं, हे मला कळत होतं. तरी मी सांगितलं, आणि सांगितल्यावर बरं वाटलं. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. त्यानं खिशातलं गोळ्यांचं पाकीट बायकोच्या हाती दिलं. आमचं असं ठरलं की रोज सकाळी माझ्या दारावरून गाडी नेताना त्यानं हॉर्न वाजवायचा, म्हणजे कालचा दिवस निभला असं मी समजायचं. मी घरी येऊन गरम पाणी घेतलं.

त्या नवरा-बायकोनं भावाबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. भाऊ निवडून आला. त्याच्या गांजानं त्याची मतं गेली नाहीत आणि त्याच्या खोट्यानं वाढलीही नसावीत. समोरच्या माणसाला लोक त्याच्याहून जास्त कंटाळले होते, एवढंच. मीही मत भावालाच दिलं, चरफडत दिलं.

पेढे घेऊन तो पाया पडायला आला. गळ्यात हार तसाच होता. मी त्याच्यासाठी चहा केला आणि स्वतः पाणी घेऊन बसले. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"आता कोणासाठी?"

मी सांगितलं. "त्याले माह्याबद्दल सांगितलं का?" त्यानं विचारलं. "सांगितलं," मी म्हटलं. "आणि त्या दोघांनी मत तुलाच दिलं. सुटलेला माणूस आहे, तो आमचं समजून घेईल, असं ती म्हणाली. ज्यावर तू टाळ्या घेतल्यास त्यासाठी नाही, माईकवर जे नाकारलंस त्यासाठी दिलं."

त्यानं पेढ्यांच्या डब्याचं झाकण मिटलं. मग म्हणाला, "त्यायले म्हणा, बाहेर नका बोलू."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण अंगात तेवढा जोर नव्हता. "एकदा जाऊन ये त्याच्याकडे," एवढंच मी म्हटलं. "मी सोबत आहे, पण मी त्यातून गेलेली नाही. तू गेला आहेस." तो पाहू म्हणाला आणि गेला. पाहू म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

सकाळचा हॉर्न मात्र वाजत राहिला. मी खिडकीतून हात करायची. शेजारचे बाबू कटकट करायचे, की हे पोट्टं रोज इथंच कायले भोंगा वाजवते. मग एका सकाळी हॉर्न वाजला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मी बाईला फोन केला. ती रडत होती. लोधीखेड्याच्या ढाब्यावर गाडीवाल्यांच्या संगतीत त्यानं पुन्हा घेतल्या होत्या, आणि आता दार लावून पडला होता. "मॅडम, तुम्ही चहा घ्या आता," ती म्हणाली. "ते म्हणून राहिले, मॅडमले सांग, तुम्ही मोकळ्या झाल्या."

रीतीप्रमाणे मी मोकळी होते. मी भांडं गॅसवर ठेवलंसुद्धा. मग गॅस बंद केला आणि भावाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, मोबाईलच्या दुकानाचा तो मित्र होता, दोन-चार कार्यकर्ते बसले होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तो पुन्हा घसरला आहे. तुझ्याच्यानं होत असेल तर आत्ता चल. नाही तर मी घरी जाऊन चहा पिते, आणि या वेळी त्याचा अर्थ खरा असेल."

 कार्यकर्त्यांना काही कळलं नाही. भावानं गल्ल्याची किल्ली मित्राकडे दिली, "कोणी येऊ नका मागे," म्हणाला, आणि जुनी स्कूटर काढली. मी मागे बसले. 

अंगणवाडीच्या बाईच्या घरी पोचल्यावर भावानं दार वाजवलं, स्वतःचं नाव सांगितलं. आतून कडी निघाली. तो आत गेला आणि दार पुन्हा लागलं. मी आणि ती बाहेर ओट्यावर बसलो. सुरुवातीला आतून त्या पोराचा आवाज येत होता, चिडलेला. मग भावाचा येऊ लागला, हळू, एका सुरात, थांबत थांबत. शब्द कळत नव्हते. एकदा आईचा उल्लेख ऐकू आला, एकदा घागरीचा. घागरीचं तो माझ्यापाशीही कधी कबूल झाला नव्हता. ती माझा हात धरून बसली होती आणि मी तो सोडवून घेतला नाही.

पुढच्या निवडणुकीत कोणी माईकवर विचारलं तर तो पुन्हा नाहीच म्हणेल, याची मला खात्री आहे. लोक विचारतील, तो नाही म्हणेल, टाळ्या पडतील. त्यात बदल करायचं आता माझं वय नाही आणि इच्छाही नाही. पण त्या दुपारी तो आतून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि पांढुर्ण्याच्या खोलीत माझ्याकडे बघायचा तसाच तो माझ्याकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "तू चहा नको घेऊ अजून."